आत्याचं सोल्डरिंग आयर्न

माझ्या आत्याला एक सोल्डरिंग आयर्न घ्यायचं होतं. घर घ्यायचं नव्हतं की जावई शोधायचा नव्हता. तापलेल्या टोकाने कथील वितळवून दोन तारा जोडणारी, जाडसर पेनाएवढी साधी वस्तू. ह्या वस्तूपायी तिने माझे सलग सहा रविवार खाल्ले आणि वर बायकोजवळ तक्रार केली, की मी हल्ली फार चिडचिडा झालोय.

चूक माझीच. मला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद आहे हे मीच गावभर सांगत सुटलो होतो. नोकरी नकाशे काढायच्या कचेरीत. पण घरी माझं एक टेबल आहे, त्यावर आकड्यांत तापमान दाखवणारं महागडं सोल्डरिंग स्टेशन आहे आणि तीन वर्षं अर्धवट पडलेला एक रेडिओ आहे. बायको त्या टेबलाला स्मारक म्हणते. त्यामुळे आत्याने फोनवर "तुला त्यातलं कळतं ना रे?" असं विचारलं तेव्हा मी हुरळून गेलो. त्याच दुपारी बसून चार आयर्नांची तुलना केली. किती वॅटचं, किती सेकंदांत तापतं, टोकं किती मिळतात, सगळं कागदावर मांडलं आणि तो कागद घेऊन तिच्या घरी गेलो.

आत्याने कागद हातात घेतला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "ह्यात वायरीचं कुठे लिहिलंय?"

"कसल्या वायरीचं?"

"आयर्नाची वायर. कडक आहे की मऊ?"

असलं काही कुणी लिहीत नाही, असं मी सांगितलं. ती म्हणाली, मग हा कागद काय कामाचा, आणि त्यावर तिने दुधाचं पातेलं ठेवलं.

आता ती कोण आहे ते सांगायला हवं, नाहीतर सगळा दोष तिचाच वाटेल. म्हणजे तो आहेच, पण तरी. आत्याने सत्तावीस वर्षं टेलिफोनच्या कारखान्यात सोल्डरिंग केलं. टेबल नंबर अकरा. सरकत्या पट्ट्यावरून फोनच्या आतला बोर्ड समोर यायचा, ती त्यावर नऊ जोड द्यायची, बोर्ड बारा नंबरकडे जायचा. दिवसाला चारशे बोर्ड, आणि सत्तावीस वर्षं तेच नऊ जोड. प्रत्येक बाईला एक रंग दिलेला असे. आपलं काम झालं की बोर्डाच्या कडेला त्या रंगाचा ठिपका लावायचा. आत्याचा ठिपका हिरवा. फोन बिघडून परत आला, की साहेब तो उघडून बघत आणि ठिपक्याच्या मागावर थेट त्या बाईच्या टेबलाशी येऊन उभे राहत. आत्यापाशी ते सत्तावीस वर्षांत दोनदा आले. ते दोन्ही दिवस तिला तारीख-वारासकट पाठ आहेत. लग्नाची तारीख मात्र आतोबांना विचारावी लागते.

आतोबा छापखान्यात होते. यंत्रांच्या खडखडाटात कान गेले ते गेलेच. आता तिच्या ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून त्यांना अर्धंमुर्धं कळतं, उरलेलं ते स्वतःच्या मनाने पुरं करतात, आणि तिथेच भांडणं होतात. मध्यंतरी आत्या किल्ली आत विसरून खाली गेली आणि तासभर जिन्यात बसून राहिली. आतोबा आत दाराकडे पाठ करून पुस्तक वाचत होते. बेल वाजवून वाजवून हिचा अंगठा दुखला. तेव्हा तिच्या डोक्यात आलं, की बेल दाबली की आतोबांच्या खुर्चीसमोर दिवा लागेल असं काहीतरी करायचं. आणि ते स्वतः करायचं.

"असले दिवे तयार मिळतात," मी म्हटलं. "उद्या आणून देतो."

"त्यातले जोड कुणाचे?"

"मला काय माहीत कुणाचे?"

"मलाही माहीत नाही. म्हणून नको."

 मी पिशवी उचलली आणि आयर्न आणायला तिच्याबरोबर निघालो.

पहिलं दुकान हत्यारांचं होतं. स्क्रू, पाने, पक्कडी आणि एका कोपऱ्यात सोल्डरिंगचं सामान. दुकानदाराने सगळ्यात आधी लाल मुठीचं, पस्तीस वॅटचं साधं आयर्न पुढे टाकलं. "शिकाऊ लोक हेच नेतात," तो म्हणाला. मला हसू आलं. आत्याने ते दोन बोटांत पेनासारखं धरलं आणि वायर खाली सोडली. वायर कडक प्लास्टिकची, गुंडाळी विसरायलाच तयार नाही. तिने आयर्नाचं टोक एका बाजूला वळवलं, तर वायरीने मूठ दुसऱ्या बाजूला ओढली. "नको," म्हणाली. दुकानदाराने आणखी सात दाखवली. सातही तिने तशीच धरली आणि सातांनाही नको म्हणाली. निघताना तिने त्याला वर सुनावलं, "आयर्न हातात धरायचं असतं हो. खोक्यावर वाचायचं नसतं."

दुसऱ्या रविवारचं दुकान चकचकीत. तिथल्या मुलीने सांगितलं, की खोकं उघडता येणार नाही. आत्याने विचारलं, "चपला विकताना पण खोकं उघडत नाही का?" आम्ही बाहेर पडलो. तिसऱ्या रविवारी चार सेकंदांत तापणारं आयर्न मिळालं. मी स्वतः त्याच्यावर लट्टू झालो. आत्या म्हणाली, "इतक्या लवकर तापतं ते तितक्याच लवकर निवतं. मोठा जोड आला की धापा टाकेल." चौथ्याची मूठ जाड होती. पाचव्याचं टोक सुईसारखं होतं; तिला छिन्नीसारखं चपटं हवं, कारण सुई टेकते आणि छिन्नी बसते. टोक बदलता येतं म्हणून मी परोपरीने सांगितलं. तर म्हणे, टोक बदलेल पण वायरीचं काय? माझ्या घरचं महागडं स्टेशन मी स्वतः वाहून तिच्याकडे नेलं. तिने ते लावलं, धरलं आणि विचारलं, "ह्याने तू काय काय बनवलंस?" मी विषय बदलला.

एक गोष्ट मला त्या दिवशीच कळली. ते स्टेशन चालू करायला तिने मला सांगितलं. बटण समोर होतं, तरी हात पुढे केला नाही. मी विचारलं तर ओशाळून म्हणाली, "आमची आयर्नं मुकादम चालू करायचा. आम्ही यायच्या आधी अर्धा तास. सुटलो की तोच बंद करायचा." सत्तावीस वर्षांत तिने आयर्न कधी चालू केलं नव्हतं, बंद केलं नव्हतं, निवडलं तर नव्हतंच. "जे टेबलावर असेल ते," ती म्हणाली. "माझं आधीचं चांगलं होतं. मग नवी आली. त्यांची वायर कडक. मनगट सुजायचं. सांगितलं तर म्हणाले, बाकीच्या बायका कशा करतात? तुला कुठलं हवं असं कुणी विचारलंच नाही रे कधी."

मला थोडं वाईट वाटलं. पण रविवारही माझेच जात होते.

सहाव्या रविवारी आम्ही एका दुरुस्तीवाल्याच्या टपरीवर पोचलो. एका माणसाला जेमतेम बसता येईल एवढी जागा, भोवती उघडून टाकलेल्या यंत्रांचे ढीग. तो कशाचा तरी बोर्ड जोडत होता. मी नम्रपणे विचारलं, की आयर्न कुठे चांगलं मिळेल. तो उत्तर देणार एवढ्यात आत्याने समोरचा एक तयार बोर्ड उचलून डोळ्यांशी नेला.

"हे कुणी केलं?"

"मी. का?"

"हा जोड कच्चा आहे. हा पण. हा तर नुसता चिकटलाय. महिनाभरात सुटेल."

"बाई, वीस वर्षं मी हाच धंदा करतोय."

"मग वीस वर्षं लोक परत येत असतील," आत्या म्हणाली.

त्याने आम्हाला हाकललं. नुसतं जा म्हटलं नाही, उठून उभा राहिला. मी माफी मागत तिचा हात धरून तिला रस्त्याच्या पलीकडे आणलं, तर ही मान वळवून मागेच बघतेय. "त्याचं आयर्न पाहिलंस?" म्हणते. "वायर कशी पडली होती, कापडासारखी. मला तेच हवं."

तिथे माझा तोल गेला. भर फुटपाथवर मी तिला बोललो. म्हटलं, सहा रविवार झाले, अख्खं गाव पालथं घातलं, तुला आयर्न नकोच आहे, तुला नुसतं नको म्हणायला माणूस हवाय. एक बेल आहे ती, बेल! दिवा नाही लागला तर काय आभाळ कोसळणार आहे? फार तर आणखी तासभर जिन्यात बसशील!

आत्या बाजूच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "दाराची बेल हे ह्यांना सांगायला. मला बटण बाथरूममध्ये हवंय."

दोन महिन्यांपूर्वी ती बाथरूममध्ये पडली होती. कंबर धरली, उठता येईना, आतून कडी. चाळीस मिनिटं ती हाका मारत होती. आतोबा भिंतीच्या पलीकडे, दहा पावलांवर, खुर्चीत. शेवटी बादलीचा आधार घेऊन कशीबशी उठली. "रागावून तरी काय करू?" ती म्हणाली. "ऐकू येत असतं तर धावत आले असते. ह्यांना सांगू नकोस. आधीच कानांवरून खचलेत, हे कळलं तर रात्रंदिवस बाथरूमच्या दाराशी बसतील." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पुढच्या वेळी मी खाली पडलेली असेन आणि बटण दाबेन, तेव्हा तो दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर साहेब कुणाच्या टेबलाशी येऊन उभे राहणार? म्हणून जोड माझे हवेत. आणि माझे जोड हवेत तर आयर्न मला पटेल तेच हवं. कळलं?"

मला माझीच लाज वाटली. मी रस्ता ओलांडून परत टपरीवर गेलो, दुरुस्तीवाल्याची हातापाया पडून समजूत काढली आणि त्याच्या आयर्नाबद्दल विचारलं. तो अजून धुमसत होता, पण आयर्नाचं कौतुक केलेलं कुणाला नको असतं? त्याने ते दाखवलं. काळ्या चिकटपट्टीखाली लाल मूठ. पस्तीस वॅटचं. शिकाऊ लोक नेतात तेच.

"वायर मी बदललीय," तो म्हणाला. "मूळची दगड असते. ही मऊ रबराची घातली. ह्याला अक्कल लागते."

म्हणजे सहा रविवारांनंतर आम्ही पहिल्या दुकानात गेलो आणि पहिल्यांदा पुढे टाकलेलं पहिलंच आयर्न विकत घेतलं. दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी जन्मात विसरणार नाही. वायर आत्याने दुरुस्तीवाल्याकडूनच बदलून घेतली, आणि तो ती बदलत असताना त्याच्या डोक्यावर उभी राहून प्रत्येक जोड तपासला. त्याने मला हळूच विचारलं, "घरी पण अशाच का?" मी म्हटलं, नशीब माझं, मी भाचा आहे.

एवढ्यावर संपलं असतं तर ती आत्या कसली! मी दिव्याच्या बोर्डाचं तयार सामान आणून दिलं, सोबत जोडणीचा नकाशा दिला आणि समजावून सांगायला बसलो, तर म्हणे, मला शिकवतोस? दोन दिवसांनी फोन आला, की दिवा लागत नाही, सामान खराब आणलंस. मी गेलो. बोर्ड पाहिला आणि खरं सांगतो, खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिला. इतके सुंदर जोड मी कधी पाहिले नव्हते. सगळे सारखे, चकचकीत, न कमी न जास्त. आणि वरच्या बाजूला अर्धेअधिक भाग उलटे बसवलेले. काही भागांच्या एका टोकाला रंगाचा पट्टा असतो, तो कुठल्या दिशेला हवा हे नकाशात दिलेलं असतं. हिने सगळे पट्टे एका रांगेत, एकाच दिशेला लावले होते.

"असं का केलंस?"

"नीट दिसतं," आत्या म्हणाली. मग जरा थांबून, "भाग लावायचं काम दहा नंबरचं असायचं. माझ्याकडे बोर्ड लावूनच यायचा."

चूक सापडल्याचा मला आनंद झाला, हे कबूल करतो. दोन-चार वाक्यं बोललोही. पण तिचा चेहरा पाहून जीभ आवरली. ती त्या बोर्डाच्या कडेच्या हिरव्या ठिपक्याकडे बघत होती. नेलपॉलिशचा होता, ताजा. "तिसरा," ती म्हणाली. सत्तावीस वर्षांत दोन परत आले होते, हा तिसरा. जोड उकलून भाग सरळ करू म्हटलं, तर त्यालाही नकार. उकलायचं खातं वेगळं होतं म्हणे, उकललेल्या बोर्डावर आमचा ठिपका ठेवत नसत. मी मुकाट्याने दुसरं सामान आणलं.

"दहा नंबरवर तू बस," तिने फर्मावलं.

मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी भाग लावतोय आणि ती जोड देतेय असा आमचा कारखाना सुरू झाला. डाव्या हातात कथलाची तार, उजव्या हातात लाल मूठ, वायर मनगटावरून सैल पडलेली. आयर्न चालू मात्र मलाच करावं लागलं; आधीच्या बोर्डाला ते काम आतोबांनी केलं होतं. ती तोंडातल्या तोंडात तीनपर्यंत मोजायची, की जोड झाला. मी एक भाग लावेपर्यंत तिचे दोन जोड होऊन ती बोटं वाजवत बसायची. "दहा नंबर, झोपलात का?" मी तिरका लावलेला एक भाग तिने मला तीनदा काढायला लावला. घरच्या रेडिओवर तीन वर्षांत मी जेवढं केलं नव्हतं तेवढं त्या दुपारी झालं. दोन दिवे केले: दारासाठी पांढरा, बाथरूमसाठी लाल. दोन्ही आतोबांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावले.

चाचणीच्या वेळी आतोबा खूश होते. मी दाराबाहेर जाऊन बटण दाबलं. पांढरा दिवा लागला, आतोबा उठले, दार उघडून मला म्हणाले, "या या!" त्यांचा आवाज नेहमीचाच, खालच्या मजल्यापर्यंत जाणारा. मग आत्या बाथरूममध्ये गेली. लाल दिवा लागला. आतोबा उठले आणि पुन्हा दाराकडे गेले. दार उघडलं. बाहेर कुणी नाही. जिन्यात वाकून पाहिलं, दार लावलं आणि खुर्चीत येऊन बसले.

मी कपाळावर हात मारला. लाल दिवा कशाचा, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आत्या बाहेर येऊन बघते तर हे निवांत. मग तिने दिव्याकडे बोट दाखवलं, बाथरूमकडे दाखवलं आणि हातवारे करत बसली.

"बाथरूममध्ये बटण कशाला?" आतोबांनी विचारलं. "तिथे कोण पाहुणा येणार?"

आत्या ओठ स्पष्ट हलवत म्हणाली, "पडले-बिडले तर."

"पडली होतीस?"

आता नाही म्हणून भागलं असतं. पण त्यांनी असं सरळ विचारल्यावर तिला ते जमेना. तिने मान हलवली.

"हाका मारल्यास?"

तिने पुन्हा मान हलवली.

"किती वेळ?"

तिने दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं. आतोबा त्या दोन बोटांकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी लाल दिव्याकडे पाहिलं.

"ज्या दिवशी पातेलं जळून काळं झालं, त्या दिवशी?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मला वास आला. मी उठून गॅस बंद केला. वाटलं, तू गॅस चालू ठेवून खाली गप्पा मारायला गेलीस. नंतर तू आलीस तेव्हा मी किती बोललो तुला."

 हे आत्याने मलाही सांगितलं नव्हतं. चाळीस मिनिटं फरशीवर काढून ती बाहेर आली आणि तिने उभ्या उभ्या शिव्या खाल्ल्या, कारण खरं सांगितलं तर ह्यांना लागेल.

"पाणी आटून पातेलं जळायला दोन मिनिटं पुरत नाहीत," आतोबा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवून काय उपयोग?

"पुरे आता," आत्या म्हणाली आणि त्यांच्या खांद्याला धरून तिने त्यांना खुर्चीत बसवलं. "चाचणी राहिलीय. लाल लागला की बाथरूमकडे यायचं. समजलं? लाल, बाथरूम." ती आत गेली आणि तिने दार लोटलं.

मी आतोबांच्या शेजारी उभा राहिलो. ते दिव्याकडे बघत होते. क्षणभरच. मग ते उठले, बाथरूमपाशी गेले आणि दाराला हात टेकून उभे राहिले. मी खुणा करतोय, की बसा, अजून लागला नाही. त्यांचं लक्षच नाही. इकडे लाल दिवा लागला आणि आत्याने दार उघडलं, तर हे समोरच.

"अहो, दिवा बघून उठायचं असतं!" आत्या त्यांच्या तोंडासमोर ओरडली. "आधीच येऊन उभे राहिलात तर मी तपासू काय?"

आतोबा तिथून हलले नाहीत.